उन्हातली पोवळी आणि तांब्याचे वेटोळे

ज्या अंगणात तीन पिढ्यांनी तांब्याचे पत्रे ठोकले, त्या अंगणात आता केवळ पाण्याचा खळखळाट ऐकू येत असे. हातोड्यांचा आवाज बंद पडला तेव्हा गल्लीतील लोकांना दुपारची झोप लागेनाशी झाली होती, एवढा तो त्यांच्या अंगवळणी पडला होता. परंतु आप्पांच्या उजव्या खांद्याने दगा दिला, भट्टी विझली, आणि कारखान्यातले काम थांबले. त्याच कारखान्याच्या दारासमोर, जिथे पूर्वी हंडे नि पातेली पालथी घालून ठेवलेली असत, तिथे पांढऱ्या जाळीच्या मांडवाखाली आता उथळ, रुंद टाक्या ओळीने मांडल्या होत्या. आणि त्या टाक्यांतून आप्पांची धाकटी लेक प्रवाळाची शेती करीत होती.

घरात तिला सारे पाणबुडी म्हणत. अंगणाच्या कोपऱ्यात विझवणीचा हौद होता. भट्टीतून काढलेले तापले भांडे त्यात बुडवून थंड करीत. लहानपणी त्या हौदात डोके खुपसून श्वास कोंडून बसायची तिला खोड होती, आणि कोणीतरी वेणीला धरून वर काढीपर्यंत ती बाहेर येत नसे. तेव्हा पडलेले नाव तिला कायमचे चिकटले. पुढे ती एका मत्स्यालयवाल्याच्या तळघरात कामाला लागली. तिथे निळ्या दिव्यांखाली पोवळ्यांची कलमे वाढवीत. तळघरात सकाळ कोणती नि संध्याकाळ कोणती हे कळत नसे. हे दिवे ज्याची नक्कल करतात तो सूर्य आपल्या अंगणात आपणहून उगवतो, असे एके दिवशी तिच्या ध्यानात आले, आणि त्या विचाराने तिची पाठ सोडली नाही.

त्या रविवारी घरातील माणसे अंगणात जमली होती ती दादाने बोलावली म्हणून. दादा हा पाणबुडीचा थोरला भाऊ, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहणारा. अंगण आणि कारखाना गोदामासाठी घेण्यास एक कापडाचा व्यापारी तयार झाला होता. आप्पांनी होकार दिला की टाक्या हलणार, आप्पांचे अंथरूण-पांघरूण दादाच्या घरी जाणार आणि जागेला नवे कुलूप लागणार. व्यापारी उत्तर घेण्यास दुपारीच येणार होता. जागा आप्पांची, तेव्हा शब्दही त्यांचाच. आणि आप्पा तर गेले कित्येक महिने या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. रोज सकाळी ते कारखान्यात जात, आतून कडी लावीत, आणि मग आतून हलकी ठकठक ऐकू येई. विचारले तर म्हणत, "जुनी भांडी नीट करतोय."

आजही ते आतच होते. बाहेर जाळीखाली खुर्ची टाकून आत्या बसली होती. आप्पांची ही थोरली बहीण. घरातला कोणताही निर्णय तिच्या नाकाखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे.

"हे काय गं? दगड अजून दगडच दिसतायत," टाकीत वाकून ती म्हणाली.

"दगड नाहीत आत्या, जीव आहेत. नीट बघ, तोंडं उघडलीयेत." पाणबुडीने बोट दाखवले. सिमेंटच्या चकत्यांवर चिकटवलेली कलमे पाण्याच्या लाटेबरोबर डुलत होती; काही शेंदरी, काही जांभळी, आणि एक तर कोवळ्या पानासारखे हिरवे.

"तोंडं? मग खातात काय?"

"यांच्या अंगात बारीक शेवाळं राहतं. ते उन्हावर अन्न करतं आणि यांना भरवतं."

"म्हणजे सून राबणार नि सासू बसून खाणार. कळलं!"

दादाची बायको चहाचा ट्रे घेऊन येत होती. हसू आवरताना तिच्या हातून अर्धा कप बशीत सांडला.

"आणि ऊन जास्त झालं तर?" आत्याने विचारले.

"तर हे त्या शेवाळाला अंगाबाहेर काढतात, आणि पांढरेफटक पडतात. म्हणून तर वर जाळी. एकदम उघड्यावर आणत नाही, हळूहळू सवय लावते."

"सुनेला बाहेर काढलं की सासूचा रंग उडायचाच." आत्याने कप उचलून वहिनीकडे पाहिले. "ऐकून ठेव गं, पुढे कामाला येईल."

"आत्या, तू हसण्यावारी नेऊ नकोस," दादा म्हणाला. तो आल्यापासून उभाच होता. "पहिल्या खेपेला काय झालं ते विसरलीस? झाडून सगळी मेली. ऊन सोसलं नाही, हे हिचेच शब्द. आता पुढे उन्हाळा आहे. काय करणार आहे ही? सूर्याला सांगणार, बाबा रे, जरा बाजूला हो?"

पाणबुडी पंपाच्या जाळीला अडकलेला कचरा बोटाने काढू लागली; मात्र तिथे कचरा मुळी नव्हताच.

ऊन सोसले नाही ही गोष्ट साफ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे साऱ्या घरात तिला एकटीला ठाऊक होते. पहिली पोवळी मेली ती तांब्याने. अंगणातल्या नळाला जोडलेली लांब नळी आप्पांनी फार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने घडवून बसवली होती. तिच्या सांध्यावरून बोट फिरवले तरी सांधा लागत नसे. त्या नळीत रात्रभर साठून राहिलेले पाणी घेऊन पाणबुडीने त्यात मीठ कालवले आणि आपला लहानसा समुद्र तयार केला. माणसाच्या जिभेला जे जाणवतही नाही, तेवढे तांबे त्या जिवांना विषासमान होते. आधी काचेवरचे शेवाळ खाण्यासाठी सोडलेल्या गोगलगायी सुटून तळाशी पडल्या, मग कलमांनी तोंडे मिटली ती मिटलीच. पाणी तपासून घेतल्यावर तिला कारण कळले. परंतु ते दिवस असे होते की आप्पांचा खांदा नुकताच गेलेला, भट्टी नुकतीच विझलेली, आणि आप्पा जेवतानाही भिंतीकडे तोंड करून बसत. तुमच्या तांब्याने माझे सारे जीव मारले, असे त्या माणसाला सांगायला तिची जीभ रेटेना. तिने उन्हावर बोट ठेवले. सूर्य काही खुलासा करायला येणार नव्हता.

तेव्हापासून ती मागल्या गल्लीतून प्लास्टिकचे कॅन भरून पाणी वाहून आणीत असे. दारात नळ असताना ही पोर पाणक्याचे काम का करते, यावर घरात पुष्कळ चेष्टा झाली. "नळाचं पाणी जड आहे," एवढेच ती सांगे.

"गप्प का बसलीस?" दादाचा आवाज उतरला. "हे बघ, माझं तुझ्या पोवळ्यांशी काही वैर नाही. पण आप्पा दिवसभर त्या विझलेल्या भट्टीपाशी बसून असतात. मला बघवत नाही ते. माझ्याकडे निदान माणसांत तरी राहतील."

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं की म्हणतात, भांडी नीट करतोय. कुणाची भांडी? कोण आणून देतंय त्यांना भांडी?"

दादाचे म्हणणे चुकीचे आहे असे पाणबुडीला मनापासून म्हणता येईना, आणि तेच तिला जास्त जड जात होते.

इतक्यात कारखान्याची कडी वाजली. आप्पा बाहेर आले. डाव्या खांद्यावर त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळलेले काहीतरी अवजड घेतले होते. दादा पुढे धावला, तसे त्यांनी नुसत्या मानेने त्याला थांबवले, आणि ते ओझे सावकाश विझवणीच्या हौदाच्या काठावर ठेवून चादर बाजूला केली.

ते तांब्याचे वेटोळे होते. एका नळीला वळणावर वळण देऊन ते जणू पाण्यावर उठलेल्या वलयांसारखे घडवलेले होते. जाळीतून गाळून आलेले ऊन त्याच्यावर पडले आणि सारे अंगण क्षणभर तांबूस झाले.

"ऊन सोसत नाही म्हणाली होतीस ना?" आप्पा पाणबुडीला म्हणाले. "मी विचार केला, सूर्य काही आपल्याला हलवता येणार नाही, पण पाणी गार करता येईल. जमिनीखालच्या टाकीतलं गार पाणी पंपानं यातून फिरवायचं, आणि हे तुझ्या टाकीत सोडायचं. झालं! डाव्या हातानं केलंय. कुठे कुठे घाव चुकलाय, तिकडे बघू नकोस."

आत्याने पदराचे टोक डोळ्यांना लावले आणि लगेच, कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिले. मग दादाला म्हणाली, "मिळालं तुला उत्तर? हा कसली भांडी नीट करत होता ते कळलं?"

दादा खाली मान घालून त्या वेटोळ्याकडे पाहत राहिला. लढाई त्याच्या हातून गेली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग दिसण्याऐवजी एक प्रकारचे नवल दिसत होते.

"चल, पहिल्याच टाकीत उतरवू." आप्पांनी बाही वर सारली. "तू ते टोक धर."

पाणबुडीने टोक धरले. तांबे उन्हाने कोमट झाले होते. तिने मनात म्हटले, आता गप्प राहिले तर अंगण माझे झाले. आणि त्याच अंगणात पुन्हा एकदा गोगलगायी काचेवरून सुटतील. आपण एक खोटे सांगितले, आणि त्या खोट्यावर या म्हाताऱ्या हाताने महिनोन्महिने घाव घातले.

वेटोळ्याचा खालचा फेरा पाण्याला टेकणार तोच ती ओरडली, "आप्पा, थांबा!"

सारे तिच्याकडे पाहू लागले.

"हे पाण्यात नाही घालता येणार. तांबं यांना विष आहे. पहिली पोवळी उन्हानं नाही मेली, आप्पा. नळाच्या पाण्यानं मेली. तुमच्या त्या नळीच्या. मी... मी तुम्हाला सांगितलं नाही."

"आणि आत्ता सांगतेस?" दादा उसळला. "या घटकेला? एका हातानं ठोकून ठोकून त्यांनी हे—"

"दादा, ओरडू नकोस."

"का नको? इतके दिवस मी मूर्खासारखा उन्हाला शिव्या देतोय!"

आप्पांनी वेटोळे पाण्यावरून दूर घेतले, ते काळजीपूर्वक जमिनीवर आडवे केले, आणि ते हौदाच्या काठावर बसले. पंप आपले काम करीतच होता.

"म्हणून तू पाणी वाहून आणत होतीस," आप्पा म्हणाले.

"हो."

"मला वाटलं, तुझ्या डोक्यात काहीतरी भरलंय. म्हटलं वाहू दे, अंगाला व्यायाम होईल." त्यांनी मान वर केली. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"अक्का, ऐकलंस का?" आप्पा बहिणीकडे वळले. "तांबटाच्या घरातली पोर आहे ही." मग लेकीला म्हणाले, "अगं, कल्हई कशासाठी करतात? आयुष्यभर मी लोकांच्या भांड्यांना आतून कल्हई केली ती काय चकाकीसाठी? आंबट पडलं की तांबं सुटतं आणि माणूस अंथरूण धरतो. आमच्या घरात मूल चालायला शिकायच्या आधी हे शिकतं. खारट पाण्याचं माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. पण तू एकदा बोलली असतीस, तर त्याच दिवशी ती नळी मी उपटून काढली असती."

पाणबुडीच्या डोळ्यांत पाणी तरळले.

"तांब्याला विष म्हणालीस त्याचा मला राग नाही. तुम्ही मला काचसामानासारखं जपून ठेवताय, त्याचा राग आहे. तू, आणि हा पण!"

"मी काय केलं?" दादा चमकला.

"तू मला उचलून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ठेवणार होतास. फुलदाणीसारखा."

आत्या प्रथम हसली. मग वहिनी, आणि सर्वांत शेवटी, मोठ्या नाइलाजाने, दादा.

"याला कल्हई केली तर?" पाणबुडीने नाक पुसत विचारले.

"नको. कल्हई झिजते, आणि हे मिठाचं पाणी. आज ना उद्या खाणारच." आप्पांनी वेटोळ्यावरून हात फिरवला. "राहू दे. भिंतीला टांगू."

"आप्पा, मी बोलू का?" वहिनीने रिकामा ट्रे छातीशी धरला होता. एरवी ती अशा बैठकीत फक्त चहापुरती असे. "उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून आपण दुधात गार पाणी ओततो का? पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवतो. दूध ते दूध, पाणी ते पाणी."

"अगं, इथे दुधाचं काय—" दादा बोलू लागला आणि मध्येच थांबला.

आप्पा मात्र उठून उभे राहिले आणि आपण ज्याच्यावर बसलो होतो त्या हौदाकडे असे पाहू लागले, की जणू तो आजच कोणी आणून ठेवला असावा. "बाहेर गोडं पाणी. त्यात माझं वेटोळं. आणि त्या पाण्यात हिची टाकी, काठ चांगला वर ठेवून. पाण्याला पाणी भेटायलाच नको." त्यांनी वितीने हौद मोजला. "पाणबुडी, तुझी लहान टाकी यात बसेल?"

"खाली विटा घातल्या तर बसेल."

"नवऱ्यानं नाही ऐकलं तरी बोलत जा गं तू," आत्या वहिनीला म्हणाली, "या घरात पुरुषांना सुचेपर्यंत दूध नासतं."

मग अंगणात जी धावपळ सुरू झाली, ती पाहून कोणालाही वाटावे की येथे पूर्वी कधी शांतता नव्हतीच. लहान टाकीतली कलमे पाणबुडीने शेजारच्या टाकीत हलवली. दादाने चपला काढल्या, विजारीच्या घड्या गुडघ्यापर्यंत नेल्या आणि हौदात उतरून विटा रचल्या. टाकी मधोमध बसली, परंतु वेटोळे तिच्याभोवती जाईना; दोन फेरे आतल्या अंगाला आले होते.

"रुंद करायला हवं," आप्पा म्हणाले. "आतून हातोडा आण. आणि सांडशी."

"मी?" दादा म्हणाला.

"मग काय अक्का धरणार?"

दादाने सांडशी आणली. कॉलेजात गेल्यापासून त्याने या अवजारांना हात लावला नव्हता. आप्पांनी डाव्या हातात हातोडा घेतला.

"अशी नाही. अंगठा वर. तुला लहानपणी काय सांगायचो?"

"भांड्याला धरू नको, भांड्याच्या पोटाला धर."

"मग धर की!"

पहिला घाव पडला. तो खणखणीत आवाज भिंतींवरून उसळून गल्लीत गेला, आणि समोरच्या घराची एक खिडकी उघडली. कोणीतरी म्हातारे माणूस बाहेर डोकावले, काही वेळ पाहत राहिले, आणि खिडकी उघडीच ठेवून आत गेले. दादाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण त्याची पकड हलली नाही. पाणबुडी भावाकडे पाहत होती. असा दादा तिने पूर्वी पाहिला असेल तर तो तिला आठवत नव्हता.

कापडाचा व्यापारी आला तो नेमका याच वेळी. फाटकाशी उभा राहून त्याने दोनदा खाकरून पाहिले. मग दादाच भिजल्या पायांनी, हातातली सांडशी तशीच घेऊन, त्याच्याकडे गेला.

"तुम्ही म्हणाला होतात, जागा बंद पडलीये," व्यापारी म्हणाला.

"तसं मला वाटलं होतं. माफ करा, तुम्हाला उगाच फेरी पडली. जागा देता येणार नाही."

"वडील नाही म्हणाले का?"

दादाने मागे वळून पाहिले. आप्पा हातोड्याच्या मुठीने त्याला बोलावीत होते आणि काहीतरी ओरडत होते; बहुधा कामाची घाई होती म्हणून नव्हे, तर तुझ्यावाचून माझे अडले आहे हे कबूल करायचे नव्हते म्हणून.

"नाही," तो म्हणाला, "मीच म्हणतोय."

वेटोळे बसले. त्याची दोन्ही टोके पंपाला जोडली, आणि जमिनीखालच्या टाकीतील गार पाणी नळीतून धावू लागले तसे तांब्याच्या पाण्याबाहेर राहिलेल्या टोकांवर बारीक दव जमले. आतल्या टाकीत पाणबुडीने तापमापक सोडला. ती त्याच्याकडे पाहू लागली, आणि बाकीचे तिच्याकडे.

"उतरतंय," ती म्हणाली. "हळूहळू, पण उतरतंय."

"आता यात जीव सोड की," आत्या म्हणाली. "का मुहूर्त बघायचाय?"

पाणबुडीने शेजारच्या टाकीतून ते कोवळ्या पानासारखे हिरवे कलम उचलले, आणि मग काय मनात आले कोण जाणे, ती आप्पांकडे वळली. "तुम्ही सोडा."

आप्पांनी आपल्या हातांकडे पाहिले. बोटांच्या रेघारेघांत तांब्याची तांबूस धूळ बसली होती. ते वहिनीपाशी गेले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. नळ जवळ होता, तरी वहिनीने कॅनमधले पाणी घेतले. त्यांनी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. ज्या धुळीने त्यांचे सारे आयुष्य रंगले, ती अंगणाच्या मोरीतून वाहून चालली होती. आणि ते मात्र शाळेत जाणाऱ्या मुलासारखे दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवीत होते.

"नखंही दाखव," आत्या म्हणाली.

त्यांनी नखे दाखवली. पाणबुडीने चकती त्यांच्या डाव्या हातात ठेवली.

"कोणती बाजू वर?"

"तीच. उन्हाकडे आहे ती."

आप्पांनी ती चकती पाण्यात अशी अलगद टेकवली, की तरंगही उठला नाही. हाताळल्यामुळे त्या जिवाने आपली सारी तोंडे मिटून घेतली होती. आता ते खरोखरच दगडासारखे दिसत होते. सारे टाकीवर ओणवे झाले.

"सासूबाई रुसल्या वाटतं," आत्या कुजबुजली.

"थांब गं आत्या. जरा दम धर."

पाणी डोलत राहिले. कोणाला खुर्चीत जाऊन बसावेसे वाटेना. काही वेळाने, एका कडेला, टाचणीच्या डोक्याएवढे एक तोंड उघडल्यासारखे झाले. मग त्याच्या शेजारचे. नीट पाहावे म्हणून आप्पा आणखी पुढे वाकले, तो त्यांच्या ध्यानात आले की आपल्या डोक्याची सावली नेमकी त्या कलमावर पडली आहे.

ते चटकन बाजूला झाले, आणि ऊन पुन्हा पाण्यात उतरले.